गाळलेल्या जागा

“आरं, शेवटी काय होतं तेवढं सांग की.”

माझा मावसभाऊ साखर कारखान्यात कामाला आहे. गाळप हंगाम सुरू झाला की त्याच्या पाळ्या लागतात, सारख्या बदलत राहतात, आणि हंगाम संपेपर्यंत हा माणूस कुणाच्या हाती लागत नाही. लहानपणी टेंभुर्णीतल्या आमच्या घरी एकाच टीव्हीसमोर बसून आम्ही हिंदीतला ‘ड्रॅगन बॉल झेड’ बघायचो. मध्येच लाइट गेली की राहिलेला भाग आपापल्या मनानं पुरा करायचो आणि त्यावरून भांडायचो. आता तो जेवणाच्या सुट्टीत फोनवर ‘एक्सप्लेन्ड इन हिंदी’ बघतो. पंचवीस भागांची मालिका पंधरा मिनिटांत. कोण मेलं, कुणी मारलं, शेवटी काय झालं. एक संपली की पुढची.

मी त्याला नावं ठेवायचो. मग एकदा त्यानं माझ्या टेबलावरची वही उचलली. स्पर्धा परीक्षेसाठी मी वाचत होतो त्या नोट्स होत्या, म्हणजे एकानं पुस्तकाच्या काढलेल्या नोट्सच्या दुसऱ्यानं काढलेल्या नोट्स. “हे पण एक्सप्लेन्डच आहे की,” तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

त्या न सुचलेल्या उत्तरापायी मी काही महिने एका जरा हिणवल्या गेलेल्या प्रकाराच्या मागे लागलो: आधी टीव्हीवर आलेल्या ॲनिमे मालिकेचीच दृश्यं कापून, जोडून, कधी थोडी नव्यानं काढून बनवलेले सिनेमे. जपानीत अशा गोळाबेरजेला ‘सोशूहेन’ म्हणतात. ॲनिमे बघणारे बहुतेक जण त्यांना टाळतात. ‘रीकॅप आहे, सोडून दे’ एवढंच त्यांच्याबद्दल बोललं जातं. मराठीत मात्र एक गंमत आहे. गोळा करण्याला आपण संकलन म्हणतो आणि सिनेमाच्या एडिटिंगलाही संकलनच म्हणतो. या प्रकारातले वाईट सिनेमे पहिल्या अर्थाचं संकलन असतात, आणि चांगले दुसऱ्या.

दुसऱ्यांदा बघायची सोय

सुरुवात साधी होती. 1970च्या दशकात जपानमध्येही घरोघरी व्हिडिओ नव्हते. मालिकेचा भाग हुकला तर हुकला. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही मालिका ऑक्टोबर 1974 मध्ये सुरू झाली तेव्हा रविवारी संध्याकाळी तिच्यासमोर दुसऱ्या चॅनेलवर ‘हायडी’ होती. आल्प्सच्या डोंगरातली ती गोड मुलगी, इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी यांच्या हातची. यामातोचा टिकाव लागला नाही आणि ठरल्यापेक्षा बरीच आधी, 26 भागांत, ती गुंडाळली गेली. पण पुनःप्रक्षेपणातून तिला प्रेक्षक मिळत गेला आणि ऑगस्ट 1977 मध्ये त्याच चित्रांचा सिनेमा थिएटरात लागला, तेव्हा पोरांनी आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या. जे एकदाच दिसलं होतं ते पुन्हा बघायचं होतं, आणि या वेळी एकट्यानं नाही, सगळ्यांसोबत.

आज ही गरज उरलेली नाही. फोनवर सगळं आहे. जपानी पोराला हवा होता तो हुकलेला भाग. माझ्या मावसभावाला हवाय वेळ. म्हणून या सिनेमांकडे आता वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. पंधरा तास नसलेल्या माणसाला दोन-अडीच तासांत नेमकं काय देता येतं? एक्सप्लेन्डवाला देतो तेच, की आणखी काही?

सहा तास पन्नास मिनिटं

मी ‘मोबाइल सूट गंडाम’वर प्रयोग करायचं ठरवलं. एका रविवारी मावसभावाला सुट्टी होती. फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही बसलो.

गंडामची गोष्ट यामातोसारखीच. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. मालिका एप्रिल 1979 ते जानेवारी 1980, 52 भाग ठरलेले, प्रेक्षक कमी म्हणून 43वर थांबवलेली. मग तिचे तीन सिनेमे झाले: पहिला मार्च 1981 मध्ये, दुसरा त्याच जुलैत, तिसरा मार्च 1982 मध्ये. पहिल्याच्या तोंडावर, 22 फेब्रुवारी 1981ला, टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाबाहेर हजारो पोरं जमली आणि ॲनिमेचं नवं युग आल्याचं जाहीर केलं गेलं. बंद पडलेल्या मालिकेच्या काटछाटीसाठी ही गर्दी!

गाणी सोडूनही पंधरा तासांची मालिका आणि तिचे जवळपास सात तासांचे तीन सिनेमे. म्हणजे निम्म्याहून जास्त गेलं. काय गेलं ते बघण्यासारखं आहे. मालिकेला पैसे पुरवणाऱ्या खेळण्यांच्या कंपनीला विकायला नवनवी यंत्रं हवी होती, म्हणून गंडामला जोडायचं ‘जी-आर्मर’ नावाचं एक अवजड विमान मालिकेत आलं. सिनेमात तोमिनोनं ते काढूनच टाकलं आणि त्याजागी साधं, पटण्यासारखं विमान आणलं. दर आठवड्याला एक नवा शत्रू, एक नवी लढाई हा जो मालिकेचा रतीब होता, तोही पुष्कळसा गेला.

आणि काय राहिलं? इथं मी सावरून बसलो, कारण दुसऱ्या सिनेमात मिहारू आली.

मिहारू या गोष्टीतली कुणीच नाही. बेलफास्ट बंदरात राहणारी पोरगी. आई-बाप नाहीत, दोन लहान भावंडं आहेत, त्यांच्या पोटासाठी ती शत्रूची हेरगिरी करते. तिची गाठ पडते ती काईशी, जहाजावरच्या सगळ्यात तिरकस, पळपुट्या पोराशी. मुख्य कथेला तिचा काडीचा उपयोग नाही. एक्सप्लेन्डच्या पंधरा मिनिटांत तिला पाच सेकंदही मिळणार नाहीत. पण एकामागून एक लढाया निर्दयपणे छाटणारा तोमिनो या पोरीपाशी थांबतो. तिचं घर दाखवतो. भावंडांना ती काय सांगून निघते ते दाखवतो. काईनं तिची चोरी ओळखलीय आणि तरी तो न ओळखल्यासारखा बोलतोय, हे दाखवायला त्याच्याकडे वेळ आहे.

मावसभाऊ इतका वेळ बोलत होता, तो गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, “आमच्या यार्डात असत्यात बघ अशा. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येत्यात. आई-बाप फडात, आणि ही एवढीशी पोरगी दोन बारकी सांभाळत बसलेली.” मग पुन्हा पडद्याकडे बघायला लागला. पुढं मिहारूचं काय होतं ते इथं सांगत नाही. ते झालं तेव्हा त्यानं फोन हातात घेतला आणि थांबवला. पाणी पिऊन आला. मग म्हणाला, लाव.

दोन सिनेमे मिळून साडेचार तास झाले होते आणि एकदाही ‘शेवटी काय होतं’ हे त्यानं विचारलं नव्हतं.

मीही कापत होतोच

इथं एक कबुली द्यायला हवी. आम्ही बघत होतो ते जपानी भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. ती धावती अक्षरं वाचणं मावसभावाला जड जातं, म्हणून मी त्याला मराठीत सांगत होतो. ॲनिमेचे डब आता हिंदीत येतात, तमिळ-तेलुगूत येतात. ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कासल’ सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याकडे लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठी त्या यादीत नव्हती. त्यामुळे टेंभुर्णीतल्या त्या खोलीत मराठी आवृत्ती म्हणजे मीच.

आणि मीही कापत होतो. वाक्य पडद्यावर दोन सेकंद राहतं. तेवढ्यात सगळं सांगून होत नाही. लष्करी हुद्दे मी सोडून देत होतो. यंत्रांची नावं सोडत होतो. पण मिहारू भावंडांशी बोलत होती तेव्हा मी एक शब्द सोडला नाही, आणि हे मी ठरवून केलं नव्हतं. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे ‘बेन्शी’ असत. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. चित्र तेच, पण कुठल्या चित्रावर किती थांबायचं हे सांगणाऱ्याच्या हाती. त्या दिवशी मला कळलं की कथेची खरी ओळख तिथंच होते.

वेळ वाया घालवण्याची हिंमत

हे डोक्यात ठेवून मी बाकीचे सिनेमे बघितले.

‘इव्हँगेलियन’ 26 भागांची. मार्च 1997 मध्ये तिचा ‘डेथ अँड रीबर्थ’ हा सिनेमा आला तो खरं तर अडचणीतून. नवा शेवट वेळेत पुरा झाला नव्हता, म्हणून सिनेमाचा मोठा भाग जुन्या भागांची उजळणी आणि उरलेला नव्याचा अपुरा तुकडा. पुरा शेवट जुलैत आला. कागदावर याहून फसवा सौदा नाही. पण यातला ‘डेथ’ हा भाग, सव्वा तासाच्या आतबाहेरचा, बघाच. 24 भागांची गोष्ट तो क्रमानं सांगतच नाही. एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात चार पोरं एकेक करून येतात, आपापलं तंतुवाद्य जुळवतात, पाखेलबेलच्या ‘कॅनन’ची तालीम करतात. या तालमीच्या मधल्या फटींमधून मालिकेतले तुकडे येतात, घटनांच्या ओळीनं नव्हे, माणसांच्या ओळीनं. मालिका न बघितलेल्याला यातून काही कळणार नाही. एक्सप्लेन्डच्या हे बरोब्बर उलटं आहे. आणि ज्याला वेळेची सगळ्यात जास्त चणचण, तो दिग्दर्शक हिदेआकी आन्नो सेलोच्या तारा पिळण्यावर मिनिटं खर्च करतो. मालिकेत ही पोरं एकमेकांशी कधी धड बोलत नाहीत. इथं ती निदान सुरात सूर मिळवायचा प्रयत्न करतात. जुन्याच चित्रांतून नवा अर्थ काढायचा तो असा.

‘पुएला मागी मादोका माजिका’चं वेगळं. ही 2011ची 12 भागांची मालिका. ऑक्टोबर 2012 मध्ये एका आठवड्याच्या अंतरानं तिचे दोन सिनेमे आले. पहिल्या आठ भागांचा एक आणि शेवटच्या चारांचा एक. दोन्ही मिळून चार तास, म्हणजे फारसं काही गेलंच नाही. आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केले, चित्रं घासूनपुसून लख्ख केली. अनेकांच्या मते मादोका बघायची हीच सगळ्यात चांगली रीत. मला पटत नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी मालिका जो दणका देते, त्यानंतर भाग संपतो. तोवर न ऐकलेलं, अंगावर येणारं शेवटचं गाणं वाजतं आणि पुढं आठवडाभर काही नाही. ती सात दिवसांची पोकळी मालिकेच्या रचनेचाच भाग होती. सिनेमात दणका बसतो आणि गाडी तशीच पुढं जाते. सगळं ठेवलं, पण भागांमधली मोकळी जागा गेली. संकलनात दृश्यं जातात तसं कधीकधी थांबणंही जातं, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि या सगळ्यांत मला सर्वात जास्त आवडलेला सिनेमा, ज्याचं नाव या प्रकाराच्या याद्यांमध्ये मला क्वचितच दिसलं. ताकाहातानं 1979 मध्ये ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’वर 50 भागांची मालिका केली होती. दहा वर्षांनी तिचा सिनेमा करताना त्यानं 50 भाग पिळले नाहीत. फक्त पहिले सहा घेतले. अनाथ ॲन चुकून एका म्हाताऱ्या भाऊ-बहिणीच्या घरी येते. त्यांना शेतीच्या कामाला मुलगा हवा होता. हिला ठेवायचं की परत पाठवायचं? एवढाच सिनेमा. तो थिएटरात लागला थेट 2010 मध्ये. घोडागाडीतून ॲन पहिल्यांदा फुललेल्या झाडांखालून जाते तेव्हा ताकाहाता अजिबात घाई करत नाही. आपल्याकडे कीर्तनकार हेच करतो. उत्तररंगात तो सगळं भागवत सांगत बसत नाही. एक आख्यान घेतो, सुदाम्याचं म्हणा, आणि त्या पोह्यांच्या पुरचुंडीवर अर्धा तास काढतो. ऐकणाऱ्याला भागवत हुकल्यासारखं वाटत नाही.

मोठं लहान करण्याच्या अशा दोन रीती आहेत. एक, सगळ्याचं थोडं थोडं ठेवायचं. दुसरी, थोड्याचं सगळं ठेवायचं. एक्सप्लेन्ड, नोट्स आणि बहुतेक वाईट संकलन-सिनेमे पहिल्या रीतीनं जातात. तोमिनोची मिहारू आणि ताकाहाताची ॲन दुसऱ्या.

तिकीटबारीवरची उजळणी

वाईट सिनेमांबद्दल फार लिहीत नाही, पण एक नवा प्रकार सांगायला हवा. 2024 मध्ये ‘डीमन स्लेअर: टू द हाशिरा ट्रेनिंग’ नावानं जे जगभरच्या थिएटरांत लागलं, ते म्हणजे आधीच्या मालिकेचा शेवटचा भाग आणि पुढच्या मालिकेचा पहिला भाग एकमेकांना चिकटवलेले. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. तिकीट काढून बघायची ती एक लांबलचक जाहिरात होती. आमच्याकडून थिएटरात ॲनिमे बघायचं तर सोलापूर नाहीतर पुणं गाठायचं, त्यात जायचं-यायचं एसटीचं भाडं. तेवढं करून गेलेल्या पोराला जाहिरात दाखवणं मला बरं वाटत नाही. याच मालिकेचा ‘मुगेन ट्रेन’ हा 2020चा सिनेमा उलट्या दिशेनंही गेला: पुढच्या वर्षी मुख्यतः त्याचेच तुकडे करून सात भागांची मालिका दाखवली. जोडा किंवा तोडा, माल तोच.

आपल्याकडेही हे आलंय. ऑक्टोबर 2025च्या अखेरीस ‘बाहुबली’चे दोन्ही भाग कापून-जोडून ‘बाहुबली: द एपिक’ लागला, साडेपाच तासांचे पावणेचार. पण त्यात 2015च्या शेवटी आपल्याला दोन वर्षं ताटकळत ठेवणारा ‘कटप्पानं का मारलं’ हा प्रश्न उरतो कुठं? मध्यंतर झालं की उत्तर हजर. त्या दोन वर्षांत आम्ही पोरांनी पारावर बसून जेवढी उत्तरं रचली, तेवढी सिनेमा लिहिणाऱ्यांनीही रचली नसतील. मादोकात गेली तीच मोकळी जागा इथंही गेली.

नव्यांतला मला भावलेला एक: ‘अटॅक ऑन टायटन: द लास्ट अटॅक’, नोव्हेंबर 2024. मालिकेचे शेवटचे दोन लांब भाग एकत्र केलेला, अडीच तासांच्या आतला. सिनेमा म्हणून ठीकठाक. पण नामावली संपल्यावर एक छोटं दृश्य आहे. आजच्या काळातली तीन पोरं, एरेन, मिकासा आणि आर्मिनच्या चेहऱ्यांची, थिएटरातून बाहेर पडतात आणि नुकत्याच बघितलेल्या सिनेमावर बोलत बोलत चालायला लागतात. एवढंच. बघून झाल्यावर सोबत कुणीतरी असावं आणि दोघांचं मत वेगळं असावं, ही गोष्ट त्या दृश्यात मोठी होऊन बसते. आम्हा दोघा भावांचं तेच तर तुटलं होतं. एक्सप्लेन्ड बघितल्यावर भांडायला काही उरत नाही. सगळं सांगून झालेलं असतं.

उत्तर

म्हणून आता त्या वहीचं उत्तर. हो, माझ्या नोट्स एक्सप्लेन्डच आहेत, आणि परीक्षेला त्या मी वाचणारच. पण सारांश वाचून ‘मला कळलं’ असं वाटतं आणि विषय मिटतो. चांगलं संकलन बघून आपल्याला कळतं की इथं काहीतरी गाळलंय. शाळेत प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा. चांगला संकलक जागा अशा गाळतो की त्या भरायची इच्छा व्हावी.

गंडामच्या 43 भागांतला पंधरावा भाग तोमिनोनं सिनेमात घेतला नाही. एका बेटावर लपून युद्धातली अनाथ पोरं सांभाळणाऱ्या डोआन नावाच्या फरारी सैनिकाची ती गोष्ट. मालिकेची पात्रं ज्यानं रेखाटली त्या योशिकाझू यासुहिकोनं 2022 मध्ये त्याच एका गाळलेल्या भागावर आख्खा सिनेमा केला. पहिला सिनेमा येऊन गेल्यावर 41 वर्षांनी.

हे मी मावसभावाला तिसरा सिनेमा संपल्यावर सांगितलं. पुढच्या सुट्टीला आम्ही तो बघितला होता. मला वाटलं आता तो विचारेल, मग त्या डोआनचं शेवटी काय होतं.

तो म्हणाला, “आणखी काय काय काढलंय यातनं?”

मी म्हणालो, निम्म्याहून जास्त. यादी मोठी आहे.

“मग हंगाम संपू दे,” तो म्हणाला आणि रात्रपाळीला निघून गेला. 43 भाग आहेत. डोआनपासून सुरू करायचं की पहिल्यापासून, यावरून फोनवर आमचं भांडण सुरू आहे.